शिशाची टोळी

मागच्या महिन्यात कामासाठी सांगलीशेजारच्या कुपवाडला जावं लागलं. दवाखान्यांत लागणारी यंत्रं बसवून द्यायची, ती नीट चालतायत ना बघायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, असं माझं काम आहे. आज बार्शी, परवा बेळगाव. मला ते मानवतं. एकाच खोलीत सलग राहावं लागलं की तिथल्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि मी उगीच बॅगेची चेन उघडझाक करत बसते. कुपवाडचं काम दुपारीच आटोपलं होतं. निघायचंच होतं. तरी मी गाडी एका रसवंतीशेजारी लावली आणि चालत कारखान्यांच्या मागच्या गल्लीत शिरले.

पत्र्याची ती शेड अजून उभी आहे. आता तिथं बेदाणा साठवतात. दारातून गंधकाचा आणि द्राक्षांचा आंबूस वास येत होता. रखवालदारानं विचारलं, "कोण पायजे, मॅडम?"

"कुणी नको. बघत होते नुसती."

तो गेला नाही. मीही हलले नाही. मग त्या आंबूस वासाच्या खालून, पार तळातून, दुसरा वास वर आला. तापलेल्या शिशाचा, दगडी कोळशाचा, भिजलेल्या गोणपाटाचा. खरंच आला की मीच ओढून आणला, कुणास ठाऊक.

इथं माझे आबा भट्टीवर कामाला होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. याच गल्लीच्या टोकाला ओळीनं बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत आम्ही राहायचो. आबा, आई, माझ्याहून मोठी ताई आणि मी. सकाळी लुना आणि सायकलींची रांग लागायची, भोंगे व्हायचे, मग दिवसभर लेथची घरघर भिंतीतून अंगात शिरायची. रविवारी ती थांबली की कानाला काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

आबांच्या कारखान्यात बेअरिंगसाठी लागणारा पांढरा धातू ओतायचे. त्यासाठी भंगार वितळवायचं. मुंबईच्या बंदरातून गोण्या यायच्या. बॅटरीच्या पाट्या, जुने नळ, छापखान्यातले झिजलेले खिळे, मासेमारीच्या जाळ्यांची वजनं. सगळं परदेशातलं. आबा कधी त्याबद्दल बोलत नसत. घरी येऊन हातपाय धुवायचे, आणि अंगाला भट्टीची धग तशीच राहायची. त्यांच्या मांडीवर बसलं की गरम भाकरीवर बसल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी त्यांचा जेवणाचा डबा खुळखुळत आला.

"आवं, काय आणलंय डब्यात?" आईनं विचारलं.

"उघड की."

आईनं झाकण काढलं. आत बोटाच्या पेराएवढी माणसं होती. शिशाची, जड, थंड. एकाच्या डोक्यावर घागरीसारखा टोप आणि पाठीवर दोन नळकांडी. एकाच्या हातात बंदूक, पण बंदुकीसारखी नव्हे, ड्रिल मशीनसारखी जाडजूड. एकाचा अख्खा हातच यंत्राचा. आणि एक प्राणी, किड्यासारखा, नको तितके पाय असलेला. काहींच्या अंगावर कुणा परक्या माणसानं दिलेला रंग होता, पोपडे आलेला.

"पळीत घेतलं हुतं मी," आबा म्हणाले, "आणि ह्यो एकजण वर तोंड करून माझ्याकडंच बघत हुता. टाकवंना मला."

ही कुणाची माणसं, कशासाठी केलेली, कुणालाच सांगता येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुणाच्या तरी गणपतीची आरास असेल. ताई म्हणाली बुद्धिबळ. पण बुद्धिबळात किडा कुठून आला?  आईनं पाण्यात धुण्याचा सोडा घालून पातेलं चुलीवर ठेवलं, माणसं त्यात सोडली आणि जुन्या दातब्रशनं एकेकाला घासत बसली. परक्या देशातला रंग गढूळ होऊन मोरीतून वाहून गेला.

माझी आई एका जागी बसणारी बाई नव्हती. स्वयंपाक करतानाही दोनदा दारात येऊन जायची. निजायची ती उंबऱ्याला डोकं लावून, थंडीतही दार फटभर उघडं ठेवून. बसली तर एक पाय हलतच असायचा. भांड्यांच्या फळीवर ती एक पेला पालथा घालून त्यावर दुसरा पेला ठेवायची, अगदी कडेला. कोयनेला हादरा बसला की कधीकधी आमच्याकडंही जमीन किंचित शहारते. पेला हलला की आई आम्हाला ओढत बाहेर. का, ते आम्ही विचारलं नाही. प्रत्येकाची आई असंच करत असेल असं मला वाटायचं. ती कोयनानगरची. लग्न झाल्यापासून ती एकदाही माहेरी गेलेली नव्हती. आजाच वर्षातून एकदा आमच्याकडं यायचा, दोन दिवस गप्प बसून परत जायचा.

अशा बाईच्या हातात ब्रश आला तो दस्तगीर पेंटरमुळं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची फुलं, नंबर, सगळं तो करायचा. जयंतीला आमच्या ओळीत भिंतीवर निळं चक्र आईनं काढलं होतं, नुसत्या हातानं, दोरीखडू न लावता. ते त्यानं बघितलं होतं. ती माणसं घेऊन आम्ही त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं एकाला चिमटीत धरून फिरवून बघितलं.

"वैनी, ह्याला ऑइलपेंट लागंल. पण ब्रश बारीक पायजे, लय बारीक." त्यानं एक झिजलेला ब्रश घेतला, त्याचे केस कापत कापत तीन-चारच ठेवले. "आणि एक. टोक करायला ब्रश तोंडात घालू नका. आमची खोड हाय ती, वाईट. आणि रंगवून झालं की हात साबणानं धुवा, शिसं हाय हे."

रंग विकत घ्यायचा प्रश्न नव्हता. कारखान्यांच्या वसाहतीत रंग उरलेलाच असायचा. लेथ मशीनला देतात तो राखाडीकडं झुकणारा हिरवा, ट्रॅक्टरचा तांबडा, पाण्याच्या टाकीचा रुपेरी, आणि आमच्या घरचा जयंतीचा निळा. बाटल्यांच्या बुचांत थोडा थोडा रंग, शेजारी टर्पेंटाइनची वाटी. त्या वासानं डोकं हलकं व्हायचं. दुपारी जेवणं झाली की आई दारात, उजेडाकडं पाठ न करता, डाव्या हाताच्या चिमटीत माणूस धरून बसायची. श्वास आत घ्यायची, रोखायची, आणि मग ब्रश टेकवायची. मला अजून आठवतो तो तिच्या नाकातून हळूच सुटणारा श्वास. त्या वेळेला तिचा पाय हलायचा नाही.

आबा डब्यातून आणत राहिले. कधी एक, कधी दोन. सगळ्याच गोण्यांत नसायची ती. कधी कित्येक दिवस डबा मुकाच यायचा. मग आई जास्तच येरझाऱ्या घालायची. खोलीची मांडणी बदलायची. कॉट इकडची तिकडं. ताई चिडायची, "आई, काल तर तिकडं होती!"

आम्ही दोघींनी खेळ बसवला. कॉटवरच्या चादरीखाली उशा सारून डोंगर करायचे, पाट्याचा वरवंटा म्हणजे पडलेलं विमान. माणूस किती चालला ते काडेपेटीतल्या काड्यांनी मोजायचं, आणि बंदूक लागली की नाही ते सापशिडीच्या फाशावर. ताई नेहमी किड्याकडून खेळायची. मला हरायला आवडायचं नाही, म्हणून मी मध्येच नियम बदलायचे. आई खेळात नसायची, पण जाता-येता तिचं चालू असायचं. "आगं, त्यो लढाईतला न्हाई. त्यो फवारणीवाला हाय. बघ की पाठीवर टाकी." आणि खरंच, तासगावच्या द्राक्षबागेत औषध मारणारा माणूस अगदी तसाच दिसायचा. मग लढाई थांबायची आणि बागेला फवारणी सुरू व्हायची.

रंगवून झालेली माणसं आईनं फळीवर त्या पेल्याशेजारी ओळीनं उभी केली. हादरा बसला की पेल्याच्या आधी ती पडायची. एका दुपारी नुसता टिक् टिक् असा आवाज झाला, आम्ही वर बघेपर्यंत आईनं माझं बखोट धरलेलं होतं.

मग तो दिवस आला. दिवाळीची सुट्टी होती. आबा जेवायला घरी आले आणि हात न धुताच म्हणाले, "सुमन, आज आख्खी गोणी निघालीया. वरपासनं खालपर्यंत नुसती हीच माणसं."

आई उभी राहिली. "मग?"

"मग काय. मालकानं वजन करून घेतलंय. जेवण झाल्यावर ओतायचं हाय."

आईनं पदर खोचला आणि चालायला लागली. आम्ही दोघी तिच्या मागं, आणि आबा आमच्या मागं, अर्धवट जेवलेले. आई कारखान्यात कधी गेलेली नव्हती. बायका तिथं जायच्याच नाहीत. मालक खुर्ची टाकून दारात बसले होते. त्यांनी आईकडं बघितलं, मग आबांकडं.

"काय किसन? घरात काय झालंय का?"

आबांनी तोंड उघडायच्या आतच आई म्हणाली, "ती माणसं हायती न्हवं गोणीतली, ती मला पायजेत."

"खेळायला व्हय?"

"न्हाई. मी रंगवते त्यास्नी."

मालक हसले. पण वाईट नाही हसले. भट्टीकडं बघून म्हणाले, "कढई तापाय लागलीया. तापंस्तोवर काय निवडायचं ते निवडा आणि घिऊन जावा. तापल्यावर मात्र मला थांबता येणार न्हाई, बाई. उद्या माल द्यायचा हाय."

जमिनीवर ढीग ओतला होता. माणसंच माणसं, एकमेकांत अडकलेली. पाय, टोप, बंदुका. आम्ही चौघंही खाली बसलो. पत्र्यामुळं वरून धग, भट्टीमुळं समोरून धग. आबा एकेक बघून निवडत होते, ताई किडे शोधत होती, मी हाताला येईल ते फ्रॉकच्या ओच्यात टाकत होते. आई निवडत नव्हती. ती दोन्ही हातांनी ओढत होती, जशी वादळात वाळवण गोळा करतात तशी. पिशवी भरली. मग पदर भरला. तरी ढीग तेवढाच.

"किसन," मालकांनी हाक मारली.

आबा उठले. त्यांनी फावडं घेतलं. आईकडं बघितलं नाही. पहिलं फावडं कढईत गेलं आणि मी बघितलं: माणसं एकदम वितळत नाहीत. ती क्षणभर तशीच उभी राहतात, त्या चकाकणाऱ्या रसावर. मग गुडघ्यात वाकतात. टोप खांद्यात जातो. आणि मग ती नसतात.

आई बाहेर आली आणि चालतच राहिली. घराकडं नाही, हमरस्त्याकडं. आम्ही पळत मागं. "आई, कुठं चाललीस?"  सांगलीच्या स्टँडवर आलो, तिनं कराडची गाडी पकडली, कराडला उतरून पाटणची, तिथून कोयनानगरची. ब्लाउजमध्ये खोचलेले पैसे काढून तिकीट घेतलं. पिशवी मांडीवर धरलेली. खिडकीतून ऊस, मग नुसता ऊस, मग डोंगर जवळ यायला लागले. घाटाच्या वळणांवर ताईला मळमळलं. मला भूक लागली होती, पण विचारायचं धाडस होत नव्हतं. आई सगळा वेळ बाहेर बघत होती आणि तिचा पाय गाडीच्या पत्र्यावर ठकठक वाजत होता. अंधार पडल्यावर आम्ही कोयनानगरला उतरलो. ओल्या नेच्यांचा, शेवाळाचा आणि कुणाच्या तरी स्टोव्हच्या रॉकेलचा वास. आणि कुठून तरी, न दिसणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज.

मामा धरणाच्या प्रकल्पात नोकरीला होता, त्याच्या क्वार्टरमध्ये आजा राहायचा. हलक्या भिंतींचं, पत्र्याचं घर. आजा ओट्यावर बसला होता. आईला बघून तो उठला नाही. नुसतं म्हणाला, "आलीस व्हय?"

"आले, बा."

इतकंच. मामीनं भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आम्हाला वसाहतीच्या मागं चढावर घेऊन गेली. गवतात एक जोतं होतं, दगड निसटलेलं. आई त्यावर चढली आणि बोटानं दाखवायला लागली, जशी नव्या घरात पाहुण्यांना दाखवतात. "हितं चूल हुती. हितं दार. भूकंपाच्या राती मी दाराजवळ निजले हुते. अशोक आत निजला हुता, भितीकडंला."

"अशोक कोण?" ताईनं विचारलं.

"माझा भाऊ. धाकला."

वारा सुटला होता. गवत एका अंगाला झोपत होतं, परत उठत होतं.  खाली येताना मी तिचा हात धरला. त्याला टर्पेंटाइनचा वास अजून होताच.

दुपारी आबा आले, आमचे कपडे आणि आईचे रंग घेऊन. रागावले नाहीत. बुचांतले रंग त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, एसटीच्या गर्दीत उभ्यानं आणले होते. आईनं पिशवी ओट्यावर उलटी केली. आजानं इतका वेळ तिकडं लक्ष दिलं नव्हतं. आता त्यानं वाकून त्यातला एक उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो तर बोगद्यातला गडी."

"कोण?"

"बोगद्यातला! धरणाचा बोगदा पाडायच्या आमच्या टोळीतला. ह्यो बघ टोप. ह्यो ड्रिल. पाठीवर टाकी न्हवती आमच्या, नळी हुती हवेची, लांबच लांब. पण उभं राहायचं असंच, पाय फाकून. न्हाईतर ड्रिल माणसाला फिरवून टाकतंय." वर्षभरात आजा जेवढं बोलायचा तेवढं तो एका दमात बोलला. मग दुसरा उचलला. "ह्यो तातोबा. खांदा बघ की, असाच वर करून चालायचा. आणि ह्यो मलबारी. त्याचं नाव आमाला कवा नीट घेता आलंच न्हाई. लय हसवायचा आत अंधारात."

"तातोबाचा शर्ट कसला हुता, बा?" आईनं ब्रश हातात घेतला होता.

तिथून ते सुरू झालं. आजा सांगायचा, आई रंगवायची. ती सुट्टी, मग उन्हाळ्याची, मग पुढची दिवाळी. आई दर सुट्टीला माहेरी जायला लागली. डोंगर पोखरणाऱ्यांची अख्खी टोळी ओट्यावर उभी राहिली. किडे ताईकडं राहिले, आजा त्यांना बघून म्हणायचा, "आसलं काय निघालं न्हाई बाबा बोगद्यात." संध्याकाळी दोन-चार म्हातारे जमायचे, एकेकाला उचलून ओळखायचा प्रयत्न करायचे, भांडायचे. "आरं गड्या, रामाचं कपाळ एवढं न्हवतं." "टोप घातल्यावर कपाळ दिसतंय व्हय रं?"

एक मात्र राहिला होता. ढिगातला सगळ्यात बुटका, अंगभर झगा आणि डोक्यावर टोपडं घातलेला, हातात काही नसलेला. आजा त्याला उचलायचा, बाजूला ठेवायचा. कोण म्हणून सांगायचा नाही. आई विचारायची नाही. प्रत्येक वेळी तो पिशवीच्या तळाशी जायचा, शिशाच्याच रंगाचा.

पुढच्या एका सुट्टीत सकाळी हादरा बसला. आम्ही सगळे घरात होतो, टोळी खिडकीत उभी होती. आधी तो आवाज, ट्रक दुरून येतो तसा, जमिनीच्या आतून. मग टिक् टिक् टिक्, आणि सगळी टोळी खिडकीतून खाली. आईनं आम्हाला दोघींना उचललंच. मामी बाहेर, आबा बाहेर, शेजारपाजार बाहेर. अंगणात सगळे उभे. पत्रे थरथरले, थांबले. कावळे ओरडत राहिले. मग लक्षात आलं, आजा बाहेर आला नव्हता.

आतून त्याचा आवाज आला, खोकत, हसत. "उठा रं गड्यांनो! पाळी संपली न्हाई अजून!"

तो जमिनीवर बसून एकेकाला उभा करत होता. आई अंगणात उभी होती. हादरा बसला की ती घरात परतायची नाही. कुपवाडला तर रात्र रात्र ओट्यावर काढायची. आता तिनं आमचे हात सोडले. दारापर्यंत गेली, थांबली, चौकटीला हात लावला. आबा म्हणाले, "सुमन, थांब जरा, परत एखादा बसंल." ती आत गेली.

आम्ही दारातून बघत होतो. आई आजाच्या समोर खाली बसली. कोपऱ्यातली पिशवी ओढून तिनं त्या बुटक्याला बाहेर काढलं आणि ब्रश मागितला. आजानं टर्पेंटाइनची वाटी तिच्याकडं सरकवली.  जमीन मधेच एकदा, अगदी हलकी, शहारली. आईनं ब्रश उचलला, शहारा जाऊ दिला, परत टेकवला. तिचा पाय शांत होता. संपल्यावर तिनं त्याला टोळीच्या पुढं उभं केलं. आजानं नुसती मान हलवली, आणि मग तो तोंडावर टॉवेल घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.

त्यातलं आता काही नाही. कारखाना बंद पडला, आम्ही सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या खोलीत गेलो, आबांनी दुसरं काम धरलं. आजा गेला. टोळी मामाकडंच एका लाकडी पेटीत राहिली, त्याच्या बदल्यांबरोबर फिरत. किती पावसाळे त्या पेटीनं बघितले कुणास ठाऊक. खूप वर्षांनी ती उघडली तेव्हा आत पांढरी भुकटी होती. ओल्या लाकडात शिसं असं कुजतं, हे मला नंतर कळलं. रंग तेवढा राहिला होता. तातोबाच्या शर्टाचं पापुद्र्यासारखं साल, आत कुणी नसलेलं. बोट लावलं तर तेही मोडलं.

तेव्हापासून मी ही माणसं शोधत असते. ती काय आहेत ते आता मला ठाऊक आहे. लांबच्या भविष्यकाळात, ताऱ्यांमध्ये चाललेल्या लढाईचा खेळ आहे तो, टेबलावर मांडून खेळायचा. साहेबाच्या देशात मोठी मोठी माणसं तो खेळतात. जाडजूड नियमांची पुस्तकं आहेत, कुठल्या पलटणीला कुठला रंग ते ठरलेलं आहे. त्या जुन्या, शिशाच्या माणसांना जपणारे लोक जगभर आहेत. बंगळूरच्या एकानं मी अर्धवट रंगवलेली माणसं फोटोत बघितली आणि कळवळून लिहिलं, मॅडम, हा हिरवा चुकीचा आहे, या पलटणीला असा हिरवा नाहीच. मी त्याला काय सांगणार, हा लेथ मशीनचा हिरवा आहे म्हणून? पार्सलं येतात, मी ती बॅगेत टाकते, लॉजच्या खोल्यांत खिडकीशी बसून रंगवते. एक संपायच्या आत दुसरा घेते. एकही पुरा होत नाही.

कुपवाडहून मी पुढच्या कामासाठी पुण्याला गेलेच नाही. साताऱ्याला वळले. ताईचं घर तिथं आहे, आई तिच्याकडं असते. आईचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत, आणि हात थरथरतो. चहा झाल्यावर मी बॅगेतून नुकताच मिळालेला एक माणूस काढून तिच्या तळहातावर ठेवला. बिनरंगाचा, पाय रोवून उभा, दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून धरलेला. आईनं अंगठ्यानं त्याला वरून खाली बघितलं.

"कुणाला काढणार ह्याच्यात?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आपोआप आलं, "आबांना."

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.  ताईनं रंग ओतून द्यायला झाकणं आणली. मी ब्रश घेतला आणि अडले.

"भट्टीवर कुठला शर्ट घालायचे गं?"

"खाकी," ताई म्हणाली.

"खाकी नाही. निळा होता. मला आठवतोय निळा."

"तो घरी घालायचे. कामावर खाकी."

आम्ही दोघी पन्नाशीकडं झुकलेल्या बायका, त्या शर्टावरून लहानपणीसारख्या हातघाईवर आलो. आई ऐकत होती. तिचा पाय हलत होता. शेवटी ती म्हणाली, "काय भांडताय? भट्टीफुडं कुठला बी शर्ट घामानं एकच दिसायचा. ओला रंग दे."

"ओला रंग कसला, आई?"

"दे की. तू दे, मी सांगते."

मी निळ्यात काळा मिसळला. मग खाकी थोडा. पाठीवर, काखेत, गळ्याखाली तो जाड लावला. इतका की वरची खिडकी त्यात चमकायला लागली. आईनं हात पुढं केला. मी म्हटलं, "वाळू दे, पुसंल." तिनं ऐकलं नाही. माझ्या चिमटीतून त्याला घेतलं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या पाठीवर टेकवलं आणि तसंच राहू दिलं.

"व्हय," ती म्हणाली. "आत्ता कामावरनं आलाय."